मंगळवारचा वर्ग, किल्ल्या माझ्याकडे

आठ वाजता वाचनालय बंद करायचं, हे माझं काम.
मंगळवारी मात्र वरच्या खोलीत
गार्बटबाईंचा इंग्रजीचा वर्ग लांबतो
आणि मी जिन्यात उभा,
किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून, वाजू नये म्हणून.

बाई इथल्याच, हलच्या. तीस वर्षं शाळेच्या खानावळीत
पातेली ढवळली त्यांनी, म्हणून त्यांचं व्याकरण
स्वयंपाकघरातूनच येतं.
फळ्यावर लिहितात: सूप. त्याखाली: सोप.
"एक पितात. दुसऱ्यानं हात धुतात.
दुकानात गल्लत केलीत तर रात्री तोंडाला फेस."
सगळे हसतात. हेमिन सगळ्यांत उशिरा,
कारण तो आधी वहीत उतरवून घेतो.

चिकन आणि किचन.
दाइवा म्हणते, "मी चिकनमध्ये काम करते,"
आणि खरंच करते, कोंबड्यांच्या कारखान्यात,
त्यामुळे तिची चूक धरायची कशी, कुणालाच कळत नाही.

मग दोन फ्लॉवर. उच्चार एकच.
एक फुलतं, एक दळतात.
कानावर विसंबू नका, बाई म्हणतात, डोळ्यांनी ओळखा.
एकसष्ट वर्षं मी हीच भाषा बोलतोय;
तिच्यात ओळखायचं काही असतं
हे आज जिन्यात कळलं.

पुस्तकात आहे, दुपारी लंच, रात्री डिनर.
"आपल्याकडे नाही!" बाई ठणकावतात.
"आपल्याकडे दुपारी डिनर, संध्याकाळी टी.
टी म्हणजे चहा नव्हे. टी म्हणजे जेवण.
चहा असतोच, तो वेगळा."
आणि ब्रेडकेक म्हणजे ब्रेड नव्हे, केक तर नव्हेच,
नुसता गोल पाव, आत बटाट्याची पॅटी.
हेमिननं पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात लेतेब्रहान उठली. हॉस्पिटलच्या भटारखान्यात
जागा आहे, तिचा पेन्सिलीनं लिहिलेला कच्चा अर्ज
तिनं वाचून दाखवला:
"मी कुकर आहे. अनुभव सात वर्षं."

"कुक," बाई म्हणाल्या. "कुकर ही वस्तू. शेगडी, ओव्हनसकट."
"पण शिकवते ती टीचर. पाव भाजतो तो बेकर.
मग रांधते ती कुकर का नाही?"
बाईंनी तोंड उघडलं. मिटलं.
तीस वर्षं रांधलं, पण हे त्यांना
कुणी विचारलं नव्हतं.

लेतेब्रहान अर्जाकडे बघत राहिली.
"रियाधला एका घरात होते," म्हणाली.
"पहाटे पाचला मला चालू करायचे,
रात्री बाराला बंद. सात वर्षांत
नावानं हाक नाही. तिथं मी कुकरच होते."
मग खोडरबर घेतलं
आणि शेवटची दोन अक्षरं अशी घासली
की कागद फाटायच्या बेताला आला.

खुर्च्या सरकल्या. मी दोन पायऱ्या खाली उतरलो,
आत्ताच आल्यासारखा.

पुढच्या मंगळवारी रेसिपी आणि रिसीट, बाई जाताना म्हणाल्या.
घरी माझं टी: एक अंडं, टोस्ट. चहा वेगळा.
मग बिस्किटांचा जुना डबा काढला.
विनिफ्रेडच्या कागदांत एक दुकानाची पावती,
शाई उडालेली, रक्कम लागत नाही,
आणि पाठीवर तिच्या अक्षरात पार्किनची कृती:
ओट, काकवी, सुंठ,
ओव्हन मंद. दार सारखं उघडू नकोस, कीथ.

एकच कागद. कुठल्या बाजूनं धरलाय
त्यावर ठरायचं, पावती की पाककृती.
वर्गाला दाखवावा, असं वाटलं खरं,
पण पिठाच्या जागी तिनं स्पेलिंग फुलाचं लिहिलंय.
आठ औंस फूल.
बाईंच्या हातात लाल पेन असतं.

ओट आहेत घरात. सुंठही असावी.
काकवी आणावी लागेल.